दोन पाठवले, तीन आले

मला पगार मिळतो तो खुसपटं काढण्याचा. दुसऱ्यानं बनवलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं, ते कुठं अडतं, कुठं खोटं बोलतं, कुठं माणसाला मूर्खात काढतं ते शोधायचं आणि बनवणाऱ्याच्या तोंडावर सांगायचं. याला टेस्टिंग म्हणतात. गावाकडं कुणी विचारलं तर मी "कम्प्युटरचं काम" एवढंच सांगते, कारण पूर्ण सांगितलं की लोक हसतात. आमची चुलती एकदा सगळं ऐकून घेऊन म्हणाली होती, "म्हंजी नावं ठेवायचा पगार भेटतोय व्हय तुला? मंग आमी कामून फुकट ठेवायलोत?"

तिचं काही चुकलं नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे. भाजीत मीठ कमी आहे हे मी पहिल्या घासाला सांगते आणि मग दिवसभर कुणी माझ्याशी बोलत नाही. पण हा स्वभाव मी मायकडून घेतला. फरक इतकाच की माय बोलून दाखवत नाही, मोजून दाखवते.

आमचं घर मेंढरांचं. परभणीहून झरी आणि झरीहून पुढं जीपनं आमचं गाव. वडील होते तोवर चार-पाच विसा मेंढरं होती. सुगी झाली की लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, खतासाठी. दिवस मावळायला मेंढरं कोंडायची जाळी लावली की माय जाळीच्या तोंडाशी उकिडवी बसायची. एकेक मेंढरू आत जाताना त्याच्या पाठीला हात लावायची. वीस झाली की एक खडा बाजूला टाकायचा. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण तिचा आकडा कधी चुकला नाही. एखादं कमी भरलं की वडील लगेच उलट्या पावली निघायचे. ते मला समजायचं, कारण आपलं हरवलं तर कुणीही शोधणार.

एकदा एक जास्त भरलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला आनंद झाला, कारण फुकटात एक मिळालं होतं. वडील दमले होते, म्हणाले, "असू दे की, सकाळी बघू." माय उठून उभी राहिली. "आपल्यात एक जास्तीचं हाय म्हंजी कुनाच्या तरी जाळीत एक कमी हाय. त्ये माणूस आता रानात हिंडायलं असंल." असं म्हणून ती अंधार पडायच्या आत त्या मेंढीला दोरी लावून ओढ्यापलीकडच्या जाळीवर गेली. तिथला माणूस खरोखरच शोधायला बाहेर पडला होता. माय परत आली आणि भाकरी थापायला बसली. याबद्दल घरात नंतर कुणी काही बोललं नाही.

टेस्टिंगचा पहिला धडा हाच आहे, हे मला पुढं पुण्यात फी भरून शिकवलं गेलं. यावं तेवढंच आलं पाहिजे. कमी आलं तर चूक, जास्त आलं तरी चूक.

परभणीला बी.एस्सी. केलं आणि पुण्याला क्लास लावला. कोर्स संपला त्या दिवशी क्लासच्या सरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "फ्रेशर म्हणून कुणी उभं करत नाही. दोन वर्षांचा अनुभव लिहा. कागद आपण देऊ." वर्गातल्या बहुतेकांनी कागद घेतले. मी घेतले नाहीत. मी काही फार सरळ मुलगी आहे असं नाही, मला फक्त राग आला. चुका शोधायला शिकवणारा माणूस पहिलंच काम खोट्याचं सांगत होता. त्या रागाची किंमत म्हणून अकरा महिने पुण्यात बिनकामाची बसले. माय रोज फोनवर एकच शब्द विचारायची, "लागली?" मी म्हणायचे, "नाही." ती म्हणायची, "लागंल," आणि फोन ठेवायची.

शेवटी एका छोट्या कंपनीत मुलाखत झाली. साहेबांनी समोरची खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "ही टेस्ट करा." बाकीची मुलं वजन, रंग, उंची असं घडाघडा बोलून गेली होती म्हणे. मी खुर्ची उलटी केली. खाली एक स्क्रू नव्हता. साहेब त्या खुर्चीवर सहा महिने माणसं बसवत होते. मला घेतलं.

कंपनी गावोगावच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रक्त-लघवी तपासणाऱ्या, गाठीतून सुईनं नमुना घेणाऱ्या अशा छोट्या लॅब. पेशंटचं नाव भरा, नमुना नोंदवा, रिपोर्ट छापा. बनवणारी मुलं हुशार होती, पण त्यांचा पेशंट म्हणजे त्यांच्यासारखाच कुणीतरी असायचा. मी चूक दाखवली की ठरलेलं उत्तर यायचं, "असं कोण करेल?" मी सांगायचे, "माझी माय करेल." माय एकच बटण चार वेळा दाबेल, कारण एकदा दाबून झालं यावर तिचा विश्वास नाही. वय विचारलं तर "साठीला आले" म्हणेल. आडनाव विचारलं तर गावाचं नाव सांगेल. हळूहळू ऑफिसात त्याला नाव पडलं, आईची टेस्ट. नवीन काही बनलं की तीच मुलं विचारायची, "ताई, आईच्या टेस्टला पास होईल का?" मायमुळं मी तिथं टिकले आणि वर चढले. तिला मात्र याचा पत्ता नव्हता.

मग मी तिला कामालाच लावलं. मेसेज तपासायला आमच्याकडं खोट्या नंबरांची यादी होती. त्यावर पाठवलेला मेसेज कुठं जायचा देव जाणे, स्क्रीनवर मात्र गेला म्हणून दिसायचा. मला खरा फोन हवा होता, बटणांचा, जुना, जिथं रेंज येते-जाते अशा गावातला. असा फोन आमच्या घरी दाराशेजारच्या कोनाड्यात होता, कारण घरात तेवढ्या एका जागी रेंज यायची. मी पेशंटचं नाव टेस्ट एक, टेस्ट दोन असं टाकायचे, मोबाईलच्या जागी मायचा नंबर. मेसेज वाजला की माय मला फोन करायची. "आला बग." किती आले ते सांगायची. वाचता येत नव्हतं, पण मोजायला वाचता यायची गरज नव्हती. कधी मजकूर बघायचा असला तर मी म्हणायचे, "काकीला वाचायला सांग," आणि चुलती एकेक अक्षर लावत वाचायची.

मायला हे फार आवडायचं. त्या दिवशी ती फोन सोडून कुठं जायची नाही. चुलतीला म्हणायची, "आज डिवटी हाय माझी." खरं सांगायचं तर मलाही आवडायचं. नुसतं बोलायला फोन केला तर आमच्या दोघींचं दोन मिनिटांत संपायचं. जेवलीस का, हो, झोप होते का, हो. कामाचा फोन मात्र लांबायचा. आला बग म्हणता म्हणता शेरडाला करडू झाल्याचं, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या भांडणाचं सगळं यायचं.

गावातल्या रेंजमुळं कधी कधी एकच मेसेज दोनदा यायचा. फोननं मिळाल्याची पोच दिली नाही की मेसेज पाठवणारी यंत्रणा तो पुन्हा पाठवते. ही चूक मीच शोधून लिहिली होती. वरून उत्तर आलं, नेटवर्कचा प्रश्न आहे, आपल्या हातात नाही. तेव्हापासून असं झालं की मी शेऱ्यात लिहायचे, डुप्लिकेट, माहीत असलेला दोष.

दिवाळी उरकली होती आणि आमच्याकडं कापसाची वेचणी चालू होती. कंपनीचं मोठं काम बाजारात सुटणार होतं, ज्याला आम्ही रिलीज म्हणतो. रिपोर्ट तयार झाला की पेशंटला आपोआप मेसेज जाणार, आणि तो पोहोचला की लॅबवाल्याच्या स्क्रीनवर हिरवी खूण येणार. आता एकेकाला फोन करत बसायला नको, अशी आमची जाहिरात होती. ती हिरवी खूण वेळेसकट दिसली पाहिजे, हा हट्ट माझा होता. त्यासाठी मी भांडले होते. पहिल्यांदाच माझ्या हाताखाली चार माणसं दिली होती आणि पास की नापास हा शेवटचा शब्द माझा होता. काही लॅबना आधी देऊन बघितलं होतं, त्यात परभणीची एक होती. आता सगळ्यांना द्यायचं होतं.

दुपारी शेवटची तपासणी म्हणून मी मायच्या नंबरावर दोन मेसेज सोडले. थोड्या वेळानं तिचा फोन आला. माझ्या टेबलाभोवती लोक उभे होते.

"तीन आले बग," माय म्हणाली.

"दोनच पाठवलेत मी."

"तीन वाजले. एक आधी, मंग दोन."

"डबल आला असेल एखादा. रेंज कुठं आहे तुमच्याकडं."

"म्हंजी दोनच धरायचे का?"

"दोनच धर. आणि सगळे पुसून टाक, फोन भरतो नाहीतर."

"पुसते," ती म्हणाली. पुढं काहीतरी विचारत होती, बहुधा जेवलीस का, पण मी फोन ठेवला होता.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, दोन पाठवले, तीन मिळाले, डुप्लिकेट, माहीत असलेला दोष. पुढं पास. त्या संध्याकाळी ऑफिसात पेढे वाटले.

संक्रांतीला मी गावाकडं गेले. सकाळी माय चुलीपुढं बसली होती आणि फळीवरचा डबा डाव्या हातानं काढत होती. ती उजव्या हाताची आहे. मी म्हणाले, "हाताला काय झालं?" म्हणाली, "काय न्हाई, अवघडलाय." मी तिचा हात धरून वर करायला गेले तर तिनं दात आवळले. तेव्हा चुलती दारातून आत आली आणि तिला राहवलं नाही. "सांग की तिला आता! किती दिवस झाकून ठिवतीस?"

मायच्या छातीत गाठ होती. दिवाळीच्या आधीपासून. चुलती तिला परभणीला दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टरांनी सुई घालून तपासायला लॅबकडं पाठवलं. लॅबवाला म्हणाला, मेसेज येईल, आला की येऊन रिपोर्ट घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. मायनं चुलतीला शपथ घातली होती, पोरीला सांगू नको, तिच्यामागं लय मोठं काम हाय. मग दोघी मेसेजची वाट बघत बसल्या. "आलाच न्हाई बग," चुलती म्हणाली. "खराब काय असतं तर कळवलंच असतं की त्यांनी. म्हनून गप बसलो."

माझा राग आमच्या भावकीत माहीत असलेला आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं झरी आणि तिथून परभणी गाठली. वाटेत मनातल्या मनात त्या लॅबवाल्याला काय काय सुनवायचं ते जुळवत होते. लॅब छोटीच होती, बाकावर सात-आठ पेशंट बसलेले. काउंटरवर पन्नाशीचा, चष्मा नाकावर आलेला एक माणूस. मी सगळ्यांच्या देखत त्याला फाडून खाल्लं. माणसाच्या जिवाची फिकीर नाही, म्हातारी अडाणी आहे म्हणून कुणी विचारत नाही, एक मेसेज टाकता येत नाही तुम्हाला. तो ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं मायचं नाव आणि नंबर विचारला, टाइप केला आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली.

ती स्क्रीन माझी होती. त्या रकान्याची रुंदीसुद्धा मी वाढवून घेतली होती. मायच्या नावापुढं हिरवी खूण होती, आणि खुणेखाली तारीख आणि वेळ. आमचं काम सुटलं तो दिवस. माझ्या दोन मेसेजच्या वीस मिनिटं आधी.

"मॅडम, आधी मी सगळ्यांना फोन लावायचो," तो माणूस म्हणाला. "कंपनीनं सांगितलं, हिरवी खूण आली म्हणजे पोचला, फोन करायची गरज नाही. म्हणून नाही केला." त्याच्या बोलण्यात जराही राग नव्हता. त्यानं ड्रॉवरमधून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. ते एवढे दिवस तिथंच होतं.

पाकीट मी बसस्टँडवर बसून उघडलं. रिपोर्टमधले शब्द मला समजत होते, कारण असे रिपोर्ट मी खोट्या नावांनी कितीतरी वेळा छापून बघितले होते. मग फोनवरच ऑफिसची जुनी शीट उघडली आणि त्या दिवसाची ओळ शोधली. दोन पाठवले, तीन मिळाले. पुढं माझाच शेरा. मी ती ओळ किती वेळ बघत होते सांगता येत नाही. गंगाखेडची गाडी लागली, सुटली, दुसरी लागली.

मला कारण माहीत होतं, म्हणून मी बघितलं नाही. काकीला वाचायला सांग, इतकंच म्हणायचं होतं. एरवी कितीदा म्हणत होते. तिसऱ्या मेसेजमध्ये टेस्ट एक, टेस्ट दोन नव्हतं, मायचं नाव होतं. माय म्हणालीसुद्धा की एक आधी आला. डबल आलेला मेसेज आधी कसा येईल? दुसऱ्या कुणी हा शेरा लिहिला असता तर मी त्याला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं असतं.

मायला संभाजीनगरला नेलं. गाठ काखेपर्यंत गेली होती. डॉक्टर बाई रिपोर्टवरची तारीख बघून म्हणाल्या, "इतके दिवस कुठं होतात?" मायनं सांगितलं, "मेसेज आला न्हाई, बाई." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि मी खाली बघितलं. नंतर एकटीनं जाऊन विचारलं, तेव्हाच आलो असतो तर? त्या म्हणाल्या, कदाचित सोपं गेलं असतं, कदाचित असंच असतं, आता ते सांगता येत नाही. त्यांनी सरळ दोष दिला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाले. मी घरून काम करायची परवानगी घेतली आणि दवाखान्याजवळ खोली केली.

गावात चुलती भेटेल त्याला सांगत होती, लॅबवाल्यानं घात केला. मेसेज करतो म्हणाला आणि केला नाही. मी तिला अडवलं नाही. चार महिने मी त्या चष्मेवाल्या माणसाच्या नावानं बोटं मोडू दिली. मला लाज वाटत होती आणि त्या लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. मायला कळलं तर ती माझ्याकडं कशी बघेल, एवढाच विचार यायचा.

ऑफिसात मात्र मी चूक नोंदवली. तपासणीचा मेसेज आणि खरा मेसेज दिसायला एकसारखे आहेत, खऱ्या माणसाचा नंबर तपासणीत वापरला जातो, त्यामुळं खरा मेसेज तपासणीचा समजला जाऊ शकतो. साहेबांनी त्या नोंदीखाली विचारलं, "हे प्रत्यक्षात घडण्याची शक्यता किती?" मी लिहिलं, "घडलं आहे." कुणाच्या बाबतीत ते लिहिलं नाही. दोन दिवसांत दुरुस्ती झाली, आणि रिपोर्ट तयार झाला की लॅबनं पेशंटला एक फोनही करावा, अशी सूचना गेली. मायचा नंबर मी यादीतून काढून टाकला.

चौथा केमो झाल्यावर माय म्हणाली, मला गावाकडं ने चार दिवस. केस गेले होते, डोक्याला स्कार्फ बांधला होता. दुपारची अंगणात बाजेवर बसली होती, दोन शेरडं पायाशी. मी शेजारी लॅपटॉप घेऊन काम करत होते, म्हणजे तसं दाखवत होते. फोन नेहमीच्या कोनाड्यात होता. तिचं लक्ष त्याच्याकडं जात होतं.

"तुझे मेसेज येईनात आता," ती म्हणाली.

"नंबर काढला तुझा."

"कामून?"

मी लॅपटॉपवर उगाच बटणं दाबत राहिले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "चुकले व्हय कवा मोजायला?"

तिला वाटलं होतं मी तिला कामावरून काढलं. ती आजारी आहे, आता तिच्यानं होत नाही, म्हणून. चार महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते तिथं निघालं. मी सगळं सांगितलं. लॅबवाल्याची स्क्रीन, हिरवी खूण, वेळ, शीटमधली ओळ. तो मेसेज आला होता, माय. तू मला सांगितलास आणि मी पुसायला लावला. मी रडत होते आणि रडणंही मला खोटं वाटत होतं, कारण रडायचा हक्क तिचा होता.

माय शेरडाच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

"मला वाटलं व्हतं," ती म्हणाली. "एखांदा लॅबवाल्याचा असंल म्हनून वाटलं व्हतं. म्हनून तर इचारलं तुला, दोनच धरायचे का."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर गाठीचं सांगावं लागलं असतं. आन् तू म्हनलीस डबल हाय. तुझं त्येच काम हाय. तुला कळतंय न्हवं."

हे ती मला लावून बोलली नाही. तिला खरंच तसं वाटलं होतं. आयुष्यभर स्वतःच्या मोजणीवर चाललेल्या बाईनं एकदाच दुसऱ्याच्या शब्दावर आपला आकडा सोडला होता, आणि तो शब्द माझा होता. शिव्या दिल्या असत्या तर मी निभावून नेल्या असत्या. यावर काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

थोड्या वेळानं ती बाजेवरून उठली. उजवा हात अंगाशी धरून कोनाड्यापर्यंत गेली, डाव्या हातानं फोन काढला, पदरानं पुसला आणि माझ्यासमोर लॅपटॉपवर ठेवला.

"त्या लॅबवाल्याला जाऊन सांग, त्याची चूक न्हवती म्हनून. काकीलाबी मी सांगते," ती म्हणाली. "आन् माझा नंबर टाक परत."

"माय, नको."

"टाक. फकस्त म्या तीन म्हनलं की तीनच धर."

मी यादी उघडली. तो नंबर मला माझ्या नावासारखा पाठ आहे, तरी टाकताना दोनदा चुकला.